गुप्ते डॉक्टरांची शून्यं

गुप्ते डॉक्टर गेल्याची बातमी पेपरात आतल्या पानावर चार ओळींत आली. मथळा होता, 'ज्येष्ठ पक्षिमित्राचे निधन'. डॉक्टरांनी ती वाचली असती तर त्याच दिवशी संपादकांना पोस्टकार्ड गेलं असतं. "मी पक्ष्यांचा मित्र नव्हे. मित्र जिवंतपणी भेटतो. माझी आणि त्यांची गाठ ते मेल्यावर पडते," असं ते म्हणायचे. एकदा कुणीतरी त्यांचा सत्कार ठरवला, तर यांनी निमंत्रणपत्रिकेतल्या 'पक्षिमित्र' या शब्दावर एक सरळ रेघ मारली, वर 'पशुवैद्य' लिहिलं, बाजूला सही केली आणि पत्रिका परत पाठवून दिली. सत्कार बारगळला. डॉक्टरांना वाईट वाटलं असेल तर ते त्यांच्या पत्नीला, सुधाकाकूंनाच ठाऊक.

मी त्यांच्या हाताखाली टंकलेखक होते. आमची प्रयोगशाळा जनावरांच्या रोगांची. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या पिशवीत घालून आणायचे, डॉक्टर त्या कापून बघायचे आणि तोंडाने सांगत जायचे, मी पलीकडच्या टेबलावर टाइप करत जायची. मी मूळची वाशीमची, लग्न होऊन येरवड्याला आलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "रिपोर्ट झाला का?" मी आमच्याकडच्या वळणाने म्हटलं, "टाइप करून राहिली, सर." ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "राहा, राहा. करून झालं की सांगा." मी घरी जाऊन रडले. पुण्यात असल्या बोलण्याला जिव्हाळा म्हणतात हे कळायला मला वर्षभर लागलं.

त्यांचं सांगणं ऐकण्यासारखं असे. "प्राप्त, एक तित्तर, नर, प्रौढ, स्वल्पविराम, मृत." रानातला पक्षी आला की त्यांचा आवाज जरा खाली यायचा. खरं तर आमचं काम पाळीव जनावरांचं. पण कुठे मोर मेला, कुठे लावे पडले, तर लोक ते गुप्ते डॉक्टरांकडेच आणायचे आणि डॉक्टर जेवणाच्या सुट्टीत ते बघायचे. 'बिचारा' हा शब्द त्यांनी मला कधी टाइप करू दिला नाही. अंदाजाने काही लिहू दिलं नाही. आणि नोंद चुकली तर खाडाखोड चालायची नाही. चुकलेल्या शब्दावर एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि बाजूला सही. "चूक झाकली की दोन चुका होतात," हे त्यांचं पालुपद. नव्या माणसाला ते पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळे आणि निवृत्त होईपर्यंत पुरे.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या वडिलांत होतं. वडील कारकून होते आणि शिकारी होते, म्हणजे सोमवार ते शनिवार कारकून आणि रविवारी शिकारी. त्या काळी परवाना काढून तित्तर मारता यायचे. बंदूक दसऱ्याला पुजून बाहेर निघायची आणि होळी पेटली की तेल लावून कपाटात जायची. होळीनंतर तित्तराची जोडी जमते, मग गवतात अंडी. "विणीच्या दिवसांत मारायचं तर सोडाच, गवतात पाय टाकून उठवायचंसुद्धा नाही," असा वडिलांचा कडक नियम. डॉक्टर लहान असताना चेंडू आणायला म्हणून होळीनंतर गवतात शिरले, तर वडिलांनी कानाखाली दिली होती. ते सांगताना डॉक्टरांचा हात अजून गालाकडे जायचा.

वडिलांची एक वही त्यांच्याकडे होती. त्यात किती पक्षी पाडले याची फुशारकी नव्हती. प्रत्येक पक्ष्याचं वजन होतं आणि पोटात काय निघालं ते होतं. 'ज्वारी, हरभऱ्याची अळी, वाळवी. चरबी बरी. आतड्यात जंत नाहीत.' डॉक्टर ती वही पोथीसारखी वाचायचे. शिकारीवर बंदी आली याचं त्यांना अजिबात दुःख नव्हतं, उलट बंदी नसती तर एक पीस उरलं नसतं असं तेच सांगायचे. पण म्हणायचे, "बंदुकीने मेलेला पक्षी बहुतेक धडधाकट असतो. त्याच्याकडून निरोगीपण कसं असतं ते कळतं. आता माझ्याकडे येतात ते फक्त आजारी. आणि बाकीचे कसे आहेत, हे विचारायला कुणी जात नाही."

त्यांच्या घरचा फ्रीज नव्या पेठेत प्रसिद्ध होता. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत वरचा कप्पा डॉक्टरांचा आणि खालचे सुधाकाकूंचे अशी वाटणी होती. वरच्या कप्प्यात मेलेले पक्षी पिशव्यांत बांधलेले असायचे आणि प्रत्येक पिशवीवर काकूंच्या अक्षरात चिठ्ठी, 'हे खायचे नाही.' एकदा गणपतीत पाहुण्या आल्या. त्यांनी बर्फ काढायला म्हणून दार उघडलं आणि मोराचं डोकं बघून मटकन खाली बसल्या. काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, घाबरू नका, तो मंगळवारपासून आहे." काकूही तशा पुण्याच्याच.

दुसरा प्रसंग माझ्यासमोर घडलेला. कुणाच्या तरी निवृत्तीचं जेवण मुळशीकडच्या एका फार्महाउसवर होतं. यजमान मोठा जमिनीचा धंदेवाला. त्याने सगळ्यांना कोपऱ्यात घेऊन कुजबुजत सांगितलं की आज खास आहे, रानातला तित्तर आहे, बाहेर बोलायचं नाही. सगळे डॉक्टरांकडे बघू लागले. डॉक्टरांनी ताटातला पाय उचलला, उजेडात धरला, छातीचं हाड बोटाने दाबून बघितलं. मग म्हणाले, "तित्तराच्या नराला पायामागे काटा असतो. याला नाही. हाड मऊ आहे, चरबी पिवळी आहे. हा जपानी लावा, पोल्ट्रीतला, दीड महिन्याचा. तुम्ही तुरुंगात जावं असं काही केलेलं नाही." यजमान लालबुंद झाला. डॉक्टर पुढे म्हणाले, "गेला असतात तरी सोय होती. आमच्या इंगोलेबाई येरवड्यालाच राहतात, डबा दिला असता त्यांनी." आणि मग त्यांनी तो पाय चवीने खाल्ला.

माझे मिस्टर वारल्यावर मी दोन महिने रजेवर होते. परत आले त्या शनिवारी डॉक्टरांनी विचारलं, "रविवारी काय करता?" म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, "मग आमच्याबरोबर चला. काही नाही करायला तिथे जागा मोठी आहे." अशी मी लोणी काळभोरच्या पुढच्या माळावर पहिल्यांदा गेले. सुधाकाकू बरोबर असायच्या. त्या थर्मास घेऊन दगडावर बसायच्या आणि उन्हाला शिव्या घालायच्या.

माळावर तीन जागा ठरलेल्या होत्या. पडकी विहीर, बाभूळ आणि हद्दीचा दगड. दिवस उजाडताना प्रत्येक जागी दहा मिनिटं उभं राहायचं आणि तित्तराच्या हाका मोजायच्या. तित्तर दिसत नाही, ऐकू येतो. गवताच्या पोटातून एकदम 'कतीतर, कतीतर' असा ठणठणीत आवाज येतो आणि लांबून दुसरा त्याला उत्तर देतो. डॉक्टर आणि मी वेगवेगळ्या कागदावर आकडा लिहायचो, मग कागद जुळवायचे. पहिल्या दिवशी मी तीन लिहिले, त्यांनी अकरा. मला वाटलं बोलणी बसणार. ते म्हणाले, "तीन ऐकलेत, तीन लिहिलेत. उत्तम. ज्याचे कान, त्याची नोंद." एका हिवाळ्यात एका जागी काहीच ऐकू आलं नाही म्हणून मी कागद कोरा ठेवला, तेव्हा मात्र ते रागावले. "कोरा कागद म्हणजे तुम्ही आला नव्हतात. आलात आणि ऐकू आलं नाही तर शून्य लिहायचं. शून्य ही नोंद आहे."

त्या माळावर जाता जाता किती वर्षं गेली. डॉक्टर निवृत्त झाले. सुधाकाकू एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेल्या. डॉक्टरांनी फ्रीजवरच्या चिठ्ठ्या काढल्या नाहीत. त्यांची मुलगी मेघना धायरीला राहायची, तिने त्यांना आपल्याकडे नेलं. रविवारी ती त्यांना टॅक्सी करून द्यायची, ते येरवड्याला मला घेत आणि आम्ही माळावर जायचो. तित्तरांची संख्या थोडी वरखाली व्हायची, पण माळ बोलता होता.

मग ती अंडी निघाली.

माळाला लागून बबनराव नावाच्या शेतकऱ्याचं वावर आहे. ज्येष्ठातली गोष्ट. यंत्राने लसूणघास कापताना त्यांच्या बायकोला घरटं दिसलं. मादी पात्याखाली सापडून मेलेली, आणि शेजारी आठ अंडी. बबनरावांचा फोन आला तेव्हा आम्ही माळावरच होतो. डॉक्टर गेले, गुडघे टेकून बसले आणि अंड्यांना हात लावला. अंडी कोमट होती.

तिथे बबनरावांच्या बायकोने अगदी सहज सांगितलं, "आमची एक खुडूक बसलीया. तिच्याखाली ठेवू का?" खेड्यात अंडी बेवारशी झाली की ती उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली ठेवायची, हा जुना रिवाज. बदकाची ठेवतात, लांडोरीची ठेवतात. डॉक्टर तीस वर्षं सगळ्यांना एकच सांगत आले होते, की पाळीव कोंबडी आणि रानपक्षी यांची गाठ पडू देऊ नका. मानमोडीसारखे कोंबड्यांचे रोग रानात गेले तर तिथे लस टोचायला कुणी जाणार नाही. हे मी किती वेळा टाइप केलं होतं. आणि त्या सकाळी त्यांनी एकेक अंडं हलकेच उचलून ओंजळीत घेतलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. हातात ती अंडी होती.

शेवटी त्यांनी विचारलं, "कोंबडीला मानमोडीची लस दिली आहे?"

"दिली की. दोनदा दिली," बबनराव म्हणाले. "आमची कोंबडी ठणठणीत हाय डागदर."

डॉक्टरांनी कोंबडी उचलली, चोच उघडून बघितली, डोळे बघितले, पोट दाबलं. मग वनरक्षकाला फोन करून रीतसर कळवलं आणि म्हणाले, "ठेवा."

सात पिल्लं निघाली. सुपारीएवढी, पाठीवर पट्टे असलेली. मी डॉक्टरांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. रविवारची वाट न बघता मधल्या वारीही ते टॅक्सी करून जाऊ लागले. पिल्लांसाठी वाळवी गोळा करायचे, पँटीला माती लावून धायरीला परतायचे आणि मेघना मला फोन करून विचारायची, बाबा तिकडे नक्की करतात काय. मी सांगायची, "आजोबा झालेत."

आषाढात बबनरावांचा जावई आखाडाला आला. आखाड म्हणजे श्रावणाआधीचं शेवटचं सामिष जेवण, जावयाला कोंबडा कापावाच लागतो. बबनरावांनी आठवडी बाजारातून कोंबडा आणला आणि दोन दिवस अंगणात बांधून ठेवला. तो जरा सुस्त होता, पण ज्याला परवा कापायचाय तो सुस्त आहे की हुशार हे कोण बघतं. जावई जेवून गेला. अंगणातली खुडूक कोंबडी ठणठणीतच राहिली, तिला लस होती. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सात पिल्लं माळावर सोडली.

तिथेही ते थांबले नाहीत. पिल्लांना उपास पडू नये म्हणून सोडल्या जागी, हद्दीच्या दगडापाशी, रोज पसाभर बाजरी टाकायची अशी त्यांनी बबनरावांना सूचना दिली. चार दिवसांत माळावरचे जुने तित्तरही बाजरीला येऊ लागले. बबनरावांनी फोनवर कौतुकाने सांगितलं, "डागदर, तुमच्या पोरांनी सगळ्या भावकीला जेवाया बोलावलंय."

दीड आठवड्याने आम्ही गेलो. दगडापाशी तीन पिल्लं मरून पडली होती. एक जिवंत होतं, ते स्वतःभोवती फिरत होतं, मान उलटी पाठीला लागलेली. पंख जमिनीला टेकलेले. मानमोडी हे नाव मी हजार वेळा टाइप केलं असेल, ती कशी दिसते ते त्या दिवशी पाहिलं. बाभळीखाली एक मोठा नर पडला होता, पायामागे काटा असलेला. विहिरीपाशी एक मादी. त्या दिवशी आम्ही गवतात चालत अकरा पक्षी गोळा केले. बबनरावांची बायको तोंडाला पदर लावून बांधावर उभी होती.

मी तेव्हा अजून नोकरीत होते. सोमवारी डॉक्टर पिशव्या घेऊन आले. आता त्यांच्या जागेवर नवे साहेब होते, त्यांनी मोठ्या मनाने टेबल मोकळं करून दिलं. डॉक्टर कापत गेले आणि सांगत गेले, मी टाइप करत गेले. आवाज नेहमीसारखाच. शेवटच्या रकान्यापाशी आलो, 'संसर्गाचा संभाव्य स्रोत'. ते हात धुवायला गेले होते. मी लिहून टाकलं, 'अज्ञात'.

ते आले, वाचलं, आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "इंगोलेबाई, इतक्या वर्षांत तुम्ही एक शब्द माझ्या तोंडचा बदलला नाहीत. आज का?"

मी म्हटलं, "सर, कोंबडा बाजारातला होता. तुम्हाला कुठून कळणार?"

"कोंबड्याने अंडी खुडकीखाली ठेवायला सांगितली नाहीत. बाजरीही त्याने टाकली नाही. लिहा." आणि त्यांनी एकेक शब्द सांगितला. "लसीमुळे निरोगी दिसणारी, परंतु विषाणू बाळगणारी पाळीव कोंबडी. पूर्णविराम. तिच्याखाली अंडी ठेवण्याची परवानगी देणारे, पिल्ले सोडणारे व एके जागी धान्य टाकण्यास सांगणारे, डॉक्टर गुप्ते, पशुवैद्य, निवृत्त. पूर्णविराम."

नवे साहेब म्हणाले, "सर, नाव घालायची पद्धत नाही." डॉक्टर म्हणाले, "मग आजपासून घाला." मी टाइप केलं. मला त्यांचा राग आला होता, इतका की त्यांना चहासुद्धा विचारला नाही. एवढं खरं बोलून कुणाचं भलं होणार होतं, ते मला त्या दिवशी कळलं नाही. आजही पुरतं कळलंय असं नाही.

त्यानंतर माळावर शून्य. विहिरीवर शून्य, बाभळीवर शून्य, दगडावर शून्य. डॉक्टर दर रविवारी येत आणि वहीत तीन शून्यं लिहीत. पूर्वी ते शून्य घाईत काढायचे, आता सावकाश, गोल पुरं करून काढायला लागले. याच काळात त्यांचे कानही गेले. मेघनाने महागाचं यंत्र घेऊन दिलं, पण माळावर त्या यंत्रात वारा शिरून नुसता घोंगाट व्हायचा. ते काढून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "यात फक्त वाराच निरोगी आहे." मग मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी ऐकायची आणि सांगायची, ते लिहायचे. ज्याचे कान त्याची नोंद हा नियम त्यांनी माझ्यासाठी मोडला होता. एवढा विश्वास.

आणि मी काय केलं, तर दिवाळीनंतरच्या एका रविवारी खोटं बोलले. त्या दिवशी ते फार थकलेले दिसत होते. काठी टेकत बाभळीपाशी उभे होते आणि दहा मिनिटं माझ्या तोंडाकडे बघत होते. मला ते बघवेना. मी म्हटलं, "एक. पूर्वेकडून."

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "एकटाच? उत्तर आलं का?" मी म्हटलं, "आलं." एकदा सुरुवात केल्यावर काय. त्यांनी दोनाचा आकडा काढला. परतताना बबनरावांच्या घरी थांबून साखर घालून चहा घेतला, मधुमेह असून. मला वाटलं, पुण्य लागलं.

पुढच्या रविवारी टॅक्सीतून उतरल्यावर ते मला मागे ठेवून, एकटे, काठी टेकत पूर्वेला जाऊन आले. तिथे काय असणार होतं. महिन्याभरापूर्वी कुणीतरी ती सगळी बाजू यंत्र लावून सपाट केली होती, प्लॉट पाडायला. गवताची काडी नव्हती. मी कधी तिकडे बघितलंच नव्हतं. टॅक्सीत बसल्यावर त्यांनी वही काढली, त्या दोनावर एक रेघ मारली, बाजूला सही केली.

हडपसर आलं तेव्हा म्हणाले, "आजारी पक्षी शेवटच्या दिवसापर्यंत निरोगी असल्याचं सोंग करतो. त्याचं एक ठीक आहे, त्याच्यावर ससाण्याची नजर असते. तुमच्यावर कुणाची होती?"

ते पुढे म्हणाले, "तुम्ही ते प्रेमाने केलंत, ते मला कळतं. मीही प्रेमानेच केलं होतं." येरवड्याला उतरताना मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि रविवारची वेळ सांगितली.

त्यानंतर ते स्वतःच ऐकायला लागले, म्हणजे ऐकू येत नसताना ऐकायला लागले. मी बरोबर असायची, पण मला आकडा विचारत नसत. दहा मिनिटं उभे राहत, घड्याळ बघत आणि शून्य काढत. ते माळाचं शून्य होतं की त्यांच्या कानांचं, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. अशी एक दिवाळी गेली, दुसरी गेली. माझ्याही कानाला कधी काही लागलं नाही.

शेवटचं त्यांना पाहिलं ते होळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी. आता ते फार चालत नसत, म्हणून टॅक्सी हद्दीच्या दगडापर्यंत नेली होती. ड्रायव्हर काचा वर करून गाणी ऐकत होता. डॉक्टर दगडाला टेकून उभे होते, मी दोन पावलांवर. चार-पाच मिनिटं झाली असतील. पश्चिमेला गवत अजून शाबूत आहे, तिथून एकदम आवाज आला. कतीतर, कतीतर, कतीतर. मला वाटलं मनाचे खेळ. मग वरच्या अंगाने दुसऱ्याने उत्तर दिलं.

मी त्यांची बाही धरली. "सर. तित्तर. दोन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि तेच नडलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. फार ममता होती. "इंगोलेबाई," ते म्हणाले, "पुरे आता."

"सर, खरंच. तुमची शपथ. पश्चिमेकडून, गवतातून." तो परत ओरडला. मोबाइल पर्समध्ये होता आणि पर्स टॅक्सीत. मी त्यांचा हात ओढला. "चला, पन्नास पावलंसुद्धा नाहीत. मी दाखवते."

त्यांनी गवताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. काठी एकदा पुढे टाकली, तेव्हा मला वाटलं आले. मग काठी मागे घेतली.

"होळी झाली," ते म्हणाले. "आता गवतात शिरायचं नाही. नसेल तर जाऊन काय करू? आणि असेल, तर बसू दे त्याला."

ते गेले त्याला आता तीन महिने झाले. मेघनाने वही मला आणून दिली. ते शेवटचं पान माझ्यासमोर आहे आणि त्या शून्यावर एक रेघ मारून बाजूला सही करण्याचा मोह मला रोज होतो. पण ती नोंद माझी नाही. माझी नोंद मी खालच्या ओळीत लिहिली आहे, दोन, आणि ती कुणी खरी मानेल की नाही ते मला सांगता येत नाही. त्यांनी तर मानली नाही. ती मानली जाऊ नये याची सोय मीच आधी करून ठेवली होती.

डोळ्यांसमोर येतात ते असे. दगडावर वही ठेवलेली, पान वाऱ्याने उडू नये म्हणून डाव्या हाताचा अंगठा वर दाबलेला. पाठ गवताकडे. मान खाली घालून ते शून्य काढताहेत, सावकाश, गोल पुरं करत. आणि त्यांच्या मागे, हाकेच्या अंतरावर, तित्तर जिवाच्या आकांताने ओरडतो आहे.